समई अंगणात

‘‘सोडलं म्हंजे नेमकं केलंस काय?’’ धोंडाक्कांनी विचारलं.

विश्राम गावडे सावरून बसला. हा प्रश्न येणार, हे तो धरूनच आला होता. डोंगर चढताना त्यानं उत्तर तोंडातल्या तोंडात घोळवलं होतं.

‘‘घर सोडलं, आक्का. घराला वाळवी लागलीय. चौकटी गेल्या. माजघराची तुळई आतून पोकळ झाली, बोट टेकवलं तर बोट आत जातं. मी म्हटलं, जाऊ दे. जिथं देह टिकत नाही, तिथं लाकडाचं काय घेऊन बसायचं? वाळवीचं अन्न वाळवी खाते. हात झटकले आणि निघालो.’’

‘‘बरं. आन् त्या तुळईखाली आता कोण हाय?’’

‘‘कोण असणार? लेक सासरी गेली. घरची मंडळी तेवढी आहेत.’’

‘‘मंडळी म्हंजे किती जणं?’’

‘‘मंडळी म्हणजे… आमच्या घरातून.’’

‘‘बायको म्हण की रं सरळ! तिला नाव न्हाई व्हय?’’

विश्राम हसला. आक्कांची जीभ अशीच. माणूस ओळखायचा तर आधी त्याला डिवचायचं, ही त्यांची रीत साऱ्या पंचक्रोशीला माहीत होती. तो हसला खरा, पण नाव काही त्यानं घेतलं नाही.

धोंडाक्का म्हणजे गावाबाहेरच्या मठीतली म्हातारी. आपल्या गुरूच्या समाधीपाशी ती तरुणपणी येऊन बसली, ती तिथंच पिकली. जांभ्या दगडाच्या चार भिंती, फणसाच्या लाकडाचं छप्पर, आत समाधी आणि समाधीपुढं पितळी समई. अनुग्रह मागायला लोक लांबलांबून यायचे. बहुतेकांना आक्का आमटीभात वाढून परत पाठवायच्या.

अनुग्रहाचीही तिथली एक रीत होती. ज्याला मठीत राहायचं, त्यानं आपल्या घराच्या उंबऱ्याखालची ओंजळभर माती आणायची. आक्का ती शेणात कालवून मठीची जमीन सारवायच्या. म्हणजे झालं. तुझा उंबरा इथं आला, आता मागं वळून बघायला तुला उंबरा उरला नाही.

विश्राम ती माती फडक्यात बांधून घेऊन आला होता. एस.टी.च्या स्टँडवर तो कंट्रोलर होता. जन्मभर त्यानं दुसऱ्यांच्या गाड्या सुटायच्या वेळा पुकारल्या. नोकरी संपल्यावर पोथ्या धरल्या, आक्कांच्या मठीची रोजची वाट धरली, मीठ सोडलं, चहा सोडला, वहाणा सोडल्या. पाणी गाळून प्यायचा. वाटेत मुंगी दिसली तर वळसा घालायचा. आणि हे सगळं भेटेल त्याला सांगायचा. आता गळ्यात आक्कांच्या हातची माळ पडायची तेवढी राहिली होती.

‘‘माती आणलीय,’’ त्यानं पुरचुंडी पुढं केली. वळवाच्या सरीत ती भिजून गच्च झाली होती.

आक्कांनी ती हातात घेतली नाही. भिंतीकडं बोट केलं.

‘‘ठेव तिथं खाली. सकाळी बघू.’’

‘‘आज नाही?’’

‘‘इतकी वरसं दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्यास, बाबा. तुझी जरा उशिरा सुटली म्हणून काय झालं?’’

विश्रामला बोलणं लागलं. पण गुरूचा शब्द म्हणजे परीक्षा, असं त्यानं वाचलेलं होतं. त्यानं पुरचुंडी ओसरीच्या भिंतीशी ठेवली.

…

पाऊस उघडला. दिवस मावळतीला आला आणि हवा एकदम कोंदली.

मठीमागं फणसाचं एक जुनं खोड होतं. त्याच्या बुडाशी जमीन हलल्यासारखी दिसायला लागली. चिरेतून एक पाखरू निघालं. मग दुसरं. मग चिरच पाखरांची झाली. वाळवीला पंख फुटले होते. ओल्या भुईतून धूर निघावा तशी ती वर चढत होती.

आक्का लगबगीनं उठल्या. आतला बल्ब मालवला.

‘‘दारामागं परात हाय. अंगणात मांड. हिरीचं पाणी वत.’’

आरतीची तयारी असेल, असं विश्रामला वाटलं. दारामागच्या अंधारातून त्यानं परात ओढली, अंगणात मांडली, घागरीनं पाणी ओतलं. मागं वळून बघतो तर आक्का समाधीपुढची पेटती समई दोन्ही हातांत धरून बाहेर येत होत्या.



‘‘आक्का! समाधीची समई!’’

‘‘दिसतंय मला.’’

‘‘समाधीवर अंधार पडला की!’’

‘‘पडू दे. समाधीला ठेच लागायची न्हाई.’’

त्यांनी समई परातीच्या मधोमध, पाण्यात उभी केली. वात पुढं सारली. मग आत येऊन दार ओढून घेतलं आणि फटीला गोणपाट लावलं.

बाहेर सरसर सुरू झाली. खिडकीच्या गजातून विश्राम बघत होता. पाखरं ज्योतीवर धावत होती, पंख जळून किंवा नुसतीच भेलकांडून पाण्यात पडत होती. पाणी बघता बघता काळं झालं.

‘‘आक्का… ही हिंसा नाही का?’’

‘‘हाय.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय?’’

‘‘तुम्ही तर परवा सरड्याचं पिल्लू पदरात घेऊन झुडपात सोडलंत!’’

‘‘सोडलं.’’

विश्राम पुढचं वाक्य शोधत राहिला. हे असं चालायला नको होतं. त्यानं विचारायचं, गुरूनं उत्तर द्यायचं, उत्तरात काहीतरी गहन असायचं. इथं नुसता होकार येत होता, आणि होकाराला धरायला मूठच नव्हती.

दोघं अंधारात बसली. समाधी दिसत नव्हती. आक्काही दिसत नव्हत्या. फक्त आवाज आला.

‘‘तुझ्याकडंबी आज वळीव झाला आसंल?’’

‘‘झालाच असणार. हेच आभाळ.’’

‘‘मग तिथंबी उठली असतील.’’

‘‘…हो.’’

‘‘तुळईला टेकू दिलायस?’’

टेकूचं अनसूया महिनाभर बोलत होती. अनसूया, म्हणजे त्याची बायको. ‘‘अहो, एक वासा तरी उभा करा. मला एकटीला उचलत नाही.’’ तो म्हणाला होता, ‘‘ज्याला पडायचं, ते ब्रह्मदेव आला तरी पडणार.’’ त्याला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. मग कीर्तनातही त्यानं ते एकदा वापरलं होतं.

आता अंधारात ते वाक्य पुन्हा आठवलं.

आणखी एक आठवलं. वळवाचे दिवस आले की अनसूया तिन्हीसांजेला म्हणायची, ‘‘आज देवघरात दिवा नको. थोड्या वेळानं लावा.’’ तो कडाडायचा. ‘‘दिव्याला नको म्हणतेस? घर आहे की मसणवट?’’ आणि हट्टानं मोठी वात करून, दार सताड उघडं टाकून जपाला बसायचा. पाखरं आत यायची. त्याच्या मांडीवर, पोथीवर, देवांवर पडायची. तो डोळे उघडायचा नाही. ती केरसुणी घेऊन मागं झाडत असायची, त्याचा जप चाललेला असायचा.

‘‘आक्का,’’ त्यानं विचारलं, ‘‘वाळवी घरात येते तरी कशी?’’



‘‘मला काय इचारतोस?’’ आक्का म्हणाल्या. ‘‘जपाला तू बसायचास.’’

विश्राम दचकला. जपाचं आपण बोललो होतो का? त्याला आठवेना. त्यानं पुन्हा विचारलं असतं, पण तोवर आक्का घोरायला लागल्या होत्या. खरं घोरणं होतं की आपल्याला गप्प करायची ही एक तऱ्हा, तेही त्याला उमजेना.

…

सकाळी ओसरीभर पंखच पंख. वाऱ्याची झुळूक आली की सारे एका अंगाला सरकायचे, जणू जमीनच कूस बदलते आहे.

विश्राम भल्या पहाटे उठून झाडायला लागला. केरसुणी धरायची त्याला सवय नव्हती, पण सेवा म्हटली की सगळं गोड. सूपभर पंख गोळा करून त्यानं आक्कांपुढं धरले.

‘‘सगळं साफ केलं, आक्का. एक ठेवलं नाही.’’

आक्कांनी सुपात बघितलं.

‘‘हे तर पंख हायत.’’

‘‘हो.’’

‘‘किडं कुठायत?’’

विश्रामनं सुपात बघितलं. मग जमिनीकडं. मग पुन्हा सुपात.

‘‘पाण्यात पडले असतील.’’

‘‘पाण्यात पडलं ते पंखासकट पडलं. हे पंख टाकून गेलेत. टाकून कुठं गेलेत?’’

विश्रामनं उभ्या उभ्याच ओसरीवर नजर फिरवली.

‘‘वाक की खाली. कंबर मोडतीया व्हय?’’

विश्राम पालथा पडला. गाल जमिनीला लागला तेव्हा त्याला दिसलं. भिंतीच्या कडेकडेनं दोन किडे चालले होते. एक पुढं, एक मागं, मागच्याचं तोंड पुढच्याच्या पाठीला जवळजवळ टेकलेलं. अंगावर पंख नव्हते. नवरा-नवरी वरातीहून पायी घरी चालल्यासारखे मुकाट चालले होते.

‘‘कुठं चाललेत?’’ आक्कांनी वरून विचारलं.

विश्राम कोपरांवर सरपटत मागं निघाला. किडे थांबले की तो थांबायचा. ते एका चिरेपाशी घुटमळले, पुढं गेले. दाराशी घुटमळले, पुढं गेले. मग भिंतीशी ठेवलेल्या एका ओल्या गाठोड्यापाशी आले आणि फडक्याच्या घडीत दिसेनासे झाले.

त्याचीच पुरचुंडी.

‘‘सोड गाठ,’’ आक्का म्हणाल्या.

त्यानं गाठ सोडली. ओल्या मातीच्या ढेकळात आधीच भोकं पडली होती. त्यानं ढेकूळ हलकेच फोडलं. आत बोराच्या बी एवढी खोली कोरलेली होती आणि तिच्यात एक जोडपं. एकमेकांना चिकटून बसलेलं. राती उडून आलेलं, पंख टाकलेलं, आणि त्याच्या उंबऱ्याच्या मातीत नवं घर मांडून मोकळं झालेलं.

आक्का शेजारी उकिडव्या बसल्या.

‘‘मग? कालवू ही माती शेणात? सारवू मठी?’’

‘‘नको, नको! मठी खातील.’’

‘‘मग काय करू?’’

‘‘लांब टाकून येतो.’’

‘‘लांब म्हंजे कुणाच्या दारात?’’

विश्रामनं चहूकडं बघितलं. ओढ्यापलीकडं धनगरांचा वाडा होता. वर शाळा होती. खाली गाव होतं. लांब म्हटलं की तिथं कोणीतरी राहतच होतं.

‘‘तुम्ही सांगाल तसं,’’ तो म्हणाला.

‘‘मी कशाला सांगू? माती तुझी. सोडून आलेला तू.’’

तो उठला. ढेकळं ओंजळीत घेऊन अंगणात गेला. समई केव्हाच विझली होती. परातीत काळ्या पाण्यावर पंखांची साय आली होती. तो परातीपुढं गुडघ्यावर बसला. ओंजळ पाण्यावर धरली. मुंगीला वळसा घालणारा माणूस तो; ओंजळ काही उघडेना.

तेवढ्यात त्याची नजर परातीच्या काठावर गेली.

पितळी परात. लग्नाच्या भांड्यांवर टिंबाटिंबांनी नाव ठोकून घेतात, तसं काठावर नाव ठोकलेलं होतं. कालच्या अंधारात ते दिसलं नव्हतं.

‘सौ. अनसूया विश्राम गावडे हिस माहेरची भेट.’

ओंजळ सुटली. माती पाण्यात पडली, बुडबुडे आले, विरघळली. ती आपण टाकली की हातून पडली, हे विश्रामला पुढं कधीही नक्की सांगता आलं नाही.

‘‘आक्का… ही परात आमची आहे!’’

‘‘तुमची न्हाई. तिची. नीट वाच की.’’

गेल्या वर्षी ही परात घरातून नाहीशी झाली होती. विश्रामनं घर डोक्यावर घेतलं होतं. मीठ सोडलेला, चहा सोडलेला माणूस एका परातीसाठी पावसाळाभर आदळआपट करत होता. ‘‘कुठं गेली?’’ ‘‘दिली.’’ ‘‘कुणाला?’’ ‘‘जिला लागत होती तिला.’’ यापुढं अनसूयानं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

‘‘ती इथं आली होती?’’

‘‘गेल्या वैशाखात. डोक्यावर परात, परातीत शिधा. म्हटलं, काय काम काढलंस, बाई? म्हणाली, माझा माणूस रोज कुणाच्या दारात बसतोय, ते बघायला आले. म्हटलं, बघ. तिनं दारच बघितलं! नखानं चौकट टोकरली आन् म्हणाली, ह्या दारालाबी लागलीया.’’

आक्का हसल्या. दात नसलेलं हसू.

‘‘तेवढ्यात पाखरं उठली. मी आपली समाधीपुढं डोळं मिटून बसलेली. पोरीनं सरळ समई उचलली! माझ्या गुरूच्या डोक्याशी तेवणारी समई! मी वरडले, अगं ए, ठेव खाली, जळतील हात! तिनं ऐकलं न्हाई. शिधा चटईवर वतला, परातीत पाणी घेतलं, पाण्यात समई उभी केली आन् दार लावून घेतलं. मी जल्मात पयल्यांदा ह्या मठीत अंधार बघितला.’’

‘‘मग?’’

‘‘मग दोघी बसलो.’’

‘‘काही बोलली?’’

‘‘बोलली.’’

‘‘काय?’’

आक्कांनी आभाळाकडं बघितलं. डोंगरामागं सकाळीच ढग धरायला लागले होते.

‘‘आजबी येणार वळीव,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ओली तुळई जड हुतीया.’’

विश्राम ताडकन उभा राहिला. मग तसाच घुटमळला. निघायचं तर हे सगळं काय होतं? राहायचं तर माती पाण्यात गेली होती. इतक्या वर्षांची आस अशी मधेच सोडायची, की आक्कांनी ती कधी धरूच दिली नव्हती? त्याच्या तोंडून सवयीनं शब्द गेले, आणि ते किती हलके वाजले ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

‘‘आक्का… अनुग्रह?’’

आक्का ओसरीच्या कोपऱ्यात गेल्या. तिथं फणसाचा एक जाड वासा टेकून ठेवलेला होता. त्यांनी तो ओढत आणला आणि विश्रामच्या खांद्यावर चढवला. माळेसाठी पुढं केलेली मान वाशाखाली वाकली.

मग त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ज्या हातासाठी तो इतकी वर्षं हा डोंगर चढत होता, तो हात. खरखरीत, शेणाचा वास येणारा. त्या त्याच्या कानाशी वाकल्या.

‘‘आत अंधार कर,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘दिवा अंगणात ठेव.’’

विश्रामनं डोळे मिटले. पुढच्या शब्दांची वाट बघितली.

पुढं काही नव्हतं. डोळे उघडले तेव्हा आक्का परातीपाशी बसून समई राखेनं घासत होत्या.

तो पायरी उतरला. दोन पावलं गेला. वासा खांद्यात रुतत होता, पण त्याहून जास्त ते शब्द रुतत होते. जगातले सगळे साधू म्हणतात, आत दिवा लाव. ही म्हातारी म्हणते, आत अंधार कर. तो वाशासकट वळला.

‘‘आक्का, एवढं तरी सांगा. हा मंत्र दिलात, का वाळवीवरचा उपाय?’’

आक्कांनी समईवरची राख फुंकली. काठावरचं नाव वर येईल अशी परात फिरवून ठेवली.

‘‘मीबी तिला हेच इचारलं हुतं,’’ त्या म्हणाल्या.